मुगाचा मोर

ताईचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "तुझ्या मोबाईलात रुखवताचे व्हिडिओ येतेत का गं?"

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विष्णुपुरीच्या बाजूला एका खोलीत आम्ही तिघी मुली मिळून राहत होतो. आमचं गाव लातूरकडच्या मुरुडजवळ. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला न सुटणारा प्रश्न शेवटी माझ्याकडे येतो. म्हशीच्या विम्याच्या कागदावर सही कुठे करायची, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, बँकेचा मेसेज खरा की खोटा. मला जमेल तसं मी सांगते. घरचे ते ऐकतात, आणि ऐकतात म्हणूनच मला कधी कधी भीती वाटते.

"येतात की," मी म्हटलं. "पण कशाला? लातूरला सगळं तयार मिळतंय. भाड्यानंसुद्धा मिळतंय."

"भाड्याचं न्हाई. हातानं करायचंय मला."

मला हसू आलं होतं, कारण तोवर आईनं शोभेची एकही वस्तू केलेली नव्हती. करणार कधी? आई गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी म्हशीची धार, शेण, आमच्या भाकरी, मग शाळेतली चूल, मोठाली पातेली, पोरांची ताटं. दुपारी तिथून तशीच रानात, खुरपणीला नाहीतर तुरीच्या शेंगांना. संध्याकाळी परत धार. ती बसली तरी तिच्या पुढ्यात निवडायला काहीतरी असतं.

पण रुखवत हातानंच का, हे मला माहीत होतं. आईचं लग्न सामुदायिक सोहळ्यात झालं. एकाच मांडवात कितीतरी जोडपी, तिथं रुखवत कोण मांडतं? तरी तिच्या आईनं एका स्टुलावर स्टीलचा डबा ठेवला होता आणि त्यात बुंदीचे पाच लाडू. ते लाडू माझ्या आत्यानं आजवर सोडलेले नाहीत. आत्या निलंग्याला असते. कुठलंही कार्य असो, बायका जमल्या की ती आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणते, "आमची वहिनी पाच लाडू घेऊन आली हो! त्यातला बी एक फुटका." बायका हसतात. आईही हसते. आत्याच्या मनात काही नसतं, असं अण्णा, माझे वडील, म्हणतात. नसेलही. आई मात्र त्यानंतर पाणी आणायच्या निमित्तानं उठते आणि बराच वेळ परत येत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

ताईच्या मागे सासरी असं काही लागू नये, एवढंच आईला हवं होतं.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. बारावी झाल्यावर ती घरीच राहिली, कारण आई शाळेत गेली की म्हैस आणि चूल बघायला कुणीतरी पाहिजे होतं. ती घरी होती म्हणून मी नांदेडला जाऊ शकले. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. ताई तर कधीच नाही. तेव्हा तिच्या रुखवतासाठी व्हिडिओ शोधणं हे मला फार थोडं वाटलं, आणि मी रोज दोन-चार पाठवू लागले.

आईनं आधी लोकरीचं तोरण घेतलं. व्हिडिओतली बाई हिंदीत भराभरा सांगत पुढे जायची आणि आई अजून पहिल्या गाठीवर असायची. "ही बाई कुणाला भिऊन पळायलीय गं?" तिनं मला फोनवर विचारलं. "तिची पोरं जेवायची राहिलीत का?" तोरण झालं तेव्हा त्याला एका बाजूला सात गोंडे होते आणि दुसऱ्या बाजूला पाच. मग तिनं काचेच्या बाटलीला सुतळी गुंडाळली आणि गोंद वाळायला गोठ्याच्या भिंतीवर ठेवली. म्हशीनं ती चाटून साफ केली. त्यानंतर कापडाची नवरी केली, तर तिची मान उभी राहीना. ताईनं मला तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ही म्हणे मी आहे. लग्नाआधीच मान खाली."

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई मोरापर्यंत आली होती. अण्णांनी मुरुडहून प्लायवूडचा तुकडा आणून दिला होता, हातभर रुंद आणि दीड हात उंच. त्यावर धान्याचा मोर करायचा होता. अंग हिरव्या मुगाचं, पिसाऱ्यावरचे डोळे मसुरीचे, कडा उडदाच्या, चोच तुरीच्या डाळीची.

"विकतचे मूग आणू का?" अण्णांनी विचारलं. "चकचकीत असतेत."

"नको. घरचेच घेती." अण्णा बाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "मी शाळेत खिचडी करती. असले चकचकीत मूग बघितले की लोक म्हणतील, शाळेतून आणले. घरचं धान्य घरचं दिसतंय."

खरंच दिसतं. आमचे मूग बारीक, मळकट हिरवे, एकासारखा एक नसतो. किडू नयेत म्हणून आई ते राख लावून डब्यात भरते. आता रंग दिसावा म्हणून तिनं ओल्या फडक्यानं ती राख पुसून काढली, मूठमूठ घेऊन. मग मोठे दाणे पोटाला आणि बारीक मानेला असे वेगळे केले. गावची शाळा दिवाळीनंतर लगेच भरली, माझी सुट्टी अजून बाकी होती; शाळेतून आल्यावर रानात जायच्या आधी आईला अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात ती ओट्यावर बसून काडीनं गोंद लावायची आणि बोटाच्या टोकानं एकेक मूग बसवायची. मी शेजारी बसायचे. मीही थोडे लावून बघितले. माझ्या रांगा वाकड्या जायच्या. आई काही बोलायची नाही, माझं लक्ष नसताना ते दाणे काढून पुन्हा लावायची.

मानेपाशी तिचंही अडलं. मोर काही केल्या मोर दिसेना.

अण्णा येऊन बघून गेले. "कोंबडी हाय व्हय?"

"कोंबडी तर कोंबडी," आई म्हणाली. "रुखवतात कोंबडी कुणी मांडली न्हाई आजपोतर."

आतून ताई ओरडली, "आई, माझ्या सासरचे माळकरी हायत!"

आम्ही चौघं इतके हसलो की आईच्या हातातली गोंदाची वाटी सांडली. पण तिनं ती मान सुरीनं खरवडून काढली. दुसऱ्यांदा केली, तीही काढली. तिसऱ्यांदा मात्र जमली. जवळून बघितलं तर दाणे मागेपुढे होते, पण चार हात लांब उभं राहिलं की मोर मान वळवून मागे बघतोय असं वाटायचं. आईनं त्याचा फोटो काढून शाळेतल्या बाईंना दाखवला. बाईंना आधी खरं वाटेना. "तुम्ही केलं, मावशी?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आईनं घरी येऊन हे आम्हाला सांगितलं, आणि संध्याकाळी धार काढताना अण्णांना पुन्हा सांगितलं.

मी परत नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी आई मोर दोन्ही हातांत उचलून अंगणाकडे निघाली.

"कुठं नेतेस?"

"चार दिवस उन्हात ठेवती. धान्य हाय. ऊन दाखवलेलं बरं."

मी म्हणाले, "नको आई. उन्हानं मुगाचा रंग उडेल. प्लायपण वाकेल. त्यापेक्षा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू, धूळ बसणार नाही."

हे मी कुठे वाचलं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला तसं वाटलं, आणि मी ते विम्याच्या कागदाबद्दल सांगते त्याच आवाजात सांगितलं.

आई दारात थांबली. दर उन्हाळ्यात घरातलं सगळं धान्य अंगणात पसरून वाळवणारी, त्यात कडुलिंबाचा पाला घालून पोती शिवणारी ही बाई. तिनं एकदा उन्हाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"तसं बी खरं हाय," ती म्हणाली. "आता ते चित्र झालं. धान्य कुठं राहिलं? तुला माहीत असंल."

आम्ही दोघींनी मिळून मोर गुंडाळला. चिकटपट्टी मी लावली, चारही बाजूंनी, कुठे फट राहू दिली नाही. मग तो धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मागे उभा करून ठेवला.

लग्न उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं. माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, म्हणून मी तीनच दिवस आधी घरी पोहोचले. दुपारी आई म्हणाली, "चल, मोर काढू. पुसूनबिसून ठेवू." खोलीत ती, मी आणि ताई होतो. पोती सरकवली. प्लास्टिकच्या तळाशी पिवळसर पीठ साचलेलं मला आधी दिसलं. मला वाटलं, भिंतीचा चुना पडला असेल.

मी चिकटपट्टी ओढली आणि आतून भुंगे बाहेर आले. बारीक, तपकिरी, शेकड्यांनी. माझ्या हातावरून, आईच्या पदरावरून चालायला लागले. मोराच्या अंगावर एकही मूग धड नव्हता. प्रत्येक दाण्याला गोल भोक, जणू कुणी सुईनं मोजून पाडलेलं. मसूर बऱ्यापैकी राहिली होती. त्यामुळे पिसाऱ्यावरचे डोळे तेवढे शाबूत होते आणि खालचं अंग गेलेलं होतं.

"अगं बाई," आई म्हणाली. एवढंच.

तिनं तो बाहेर नेला आणि पाठीमागून हातानं थापटला. मूग गळून पडले. इतके हलके की पडताना आवाजसुद्धा आला नाही. मग तिनं आतून मुगाचा डबा आणला. डब्यातले मूग राखेत होते तसेच, एकालाही भुंगा नाही. ती ओट्यावर बसली, गोंदाची वाटी घेतली आणि मानेपासून पुन्हा लावायला लागली. मी मूग पुसून द्यायला लागले. आम्हा दोघींना कळत होतं की हे होणार नाही. एक रांग झाली असेल नसेल, तेवढ्यात दारात कासारीण आली आणि बांगड्या भरायला गल्लीतल्या बायकाही येऊन बसल्या. आई हात धुऊन उठली.

मी तिच्या मागे चुलीपाशी गेले. "आई, मीच सांगितलं होतं प्लास्टिकचं. तू ऊन देत होतीस."

"तू काय मुद्दाम केलं का?"

"पण मी..."

"आत्याला कळू देऊ नको, बस. ती संध्याकाळच्या गाडीनं यायलीय." मग ती बायकांना चहा टाकायला लागली. मला वाटत होतं की तिनं मला रागवावं. कामाच्या गर्दीत तिला तेवढाही वेळ नव्हता, की तिनं ठरवूनच तो काढला नाही, मला अजून कळलेलं नाही.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी लातूरहून तयार रुखवत आणलं. थर्माकोलचे दोन हंस, छोटं तुळशीवृंदावन, लाइटची माळ लावलेली बैलगाडी आणि तिच्यात बसलेले नवरा-नवरी. सगळं नीटनेटकं, सगळ्यांच्या माना सरळ.

लग्न लातूरच्या एका कार्यालयात होतं. रुखवताचं टेबल जेवणाच्या हॉलच्या वाटेवर मांडलं होतं, म्हणजे येता-जाता सगळ्यांनी बघावं. रीतीप्रमाणे आई टेबलापाशी उभी राहिली आणि मी तिच्या बाजूला. मुलाकडच्या बायका घोळक्यानं आल्या. त्यांच्यात नवऱ्या मुलाची मावशी पुढे होती.

"झकास हाय हो रुखवत, विहीणबाई! कुणी केलं?"

"विकतचं हाय," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही.

"हां, मग! आता कोण करतंय हातानं? बायकांना मोबाईलातून टाइम कुठं हाय?"

बायका हसल्या. टोमणा असा तो नव्हताच, बोलायचं म्हणून बोलणं होतं. कुणी मनावर घेतलं नसतं आणि पाच मिनिटांत सगळ्या जेवायला बसल्या असत्या. पण आई हळूच "व्हय, ते बी हाय" असं म्हणाली, आणि मला ते सहन झालं नाही. मोरासाठी आईनं काढलेले ते अर्धे-अर्धे तास माझ्या डोळ्यांपुढे आले. आईच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे असं वाटलं, आणि मी शिकलेली, मीच बोलायला पाहिजे असंही वाटलं.

"तसं नाही मावशी," मी म्हणाले, आणि माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "आईनं स्वतःच्या हातानं मुगाचा मोर केला होता. एवढा मोठा. त्याला किडे लागले म्हणून आणता आला नाही."

मावशीनं हंसाला लावलेला हात मागे घेतला.

"किडे?" मावशी म्हणाली. "रुखवताला?" मग तिनं कपाळाला हात लावला. "बरं झालं बाई आणला न्हाई ते. न्हाईतर नवरीसंगं आमच्या कणग्यांत बी वऱ्हाड आलं असतं!"

आता मात्र सगळ्या मोकळेपणानं हसल्या. हसण्याचा आवाज ऐकून आत्या गर्दीतून वाट काढत आली, काय झालं ते तिनं कुणाकडून तरी ऐकलं आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. "वहिनी, मला बोलली न्हाई ते! तू पाच लाडू घेऊन आली आन् पोरीला भुंगे द्यायलीस?"

आईही हसली. हसता हसता तिनं टेबलावरच्या कापडाची सुरकुती सरळ केली, मग दुसरी बाजूही केली. स्टेजवर ताई शालूत बसली होती. इतकं कशाला हसतायत म्हणून तिनं आमच्याकडे बघितलं आणि काही माहीत नसताना तीही हसली.

बायका गेल्यावर मी आईला म्हणाले, "मला वाटलं, तू केलं होतंस हे त्यांना कळावं."

"व्हय." तिनं एक हंस नीट उभा केला. "कळलं की."

ती चिडून बोलली नव्हती. पण त्यानंतर दिवसभर तिनं मला एकही गोष्ट विचारली नाही. अक्षता कुणाकडे आहेत, फोटोवाल्याला कधी बोलवायचं, हे सगळं ती अण्णांना विचारत होती. किंवा तिला कामं होती आणि मीच तसं धरून बसले. पाठवणीच्या वेळी ती ताईच्या गळ्यात पडून रडली. मी बाजूला ताईची पिशवी धरून उभी होते, आणि आई नेमकी कशाला रडतेय याची मला खात्री वाटत नव्हती.

परीक्षेसाठी मी नांदेडला आले. एका दुपारी ताईचा फोन आला. सासरचं सगळं सांगून झालं. घर मोठं आहे, नणंद चांगली आहे, पाणी एक दिवसाआड येतं. मग ती म्हणाली, "तुला गंमत सांगू का? मी डाळ निवडायला बसले की सासूबाई म्हणतात, नीट बघ गं, तुझ्या माहेरचे पाव्हणे नसतील ना त्यात. काल शेजारची आली तिलापण सांगितलं, मग दोघी हसल्या."

मी विचारलं, "रोज म्हणतात?"

"अगं, गमतीनं म्हणतात. मनात काही नाही त्यांच्या." मग तिनं आवाज खाली आणला. "आईला सांगू नको."

"ताई, माझ्यामुळे..."

"तू अभ्यास कर," ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.

पुस्तक उघडं होतं, पण वाचणं होईना. शेवटी मी आईला फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. मागे चुलीवरच्या पातेल्यात उलथणं फिरत असल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती शाळेत होती.

"ताईचा फोन आलता का तुला?" तिनंच विचारलं. "मला निसतं बरी हाय, बरी हाय म्हणती. तुला तर खरं सांगत असंल. सासरी काही बोलतेत का तिला? ते मोराचं, वगैरे?"

"न्हाई," मी म्हणाले. "कुणी काही बोलत न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

आईनं सुस्कारा सोडला. इतका मोठा की तो मला चुलीच्या आवाजातही ऐकू आला.

"मग झालं," ती म्हणाली. "तू म्हणती म्हणजे असंलच. ठेवती आता, पोरं ताटं घेऊन बसलीत."